आधी कान, मग कॅमेरा

नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना केला. लांबी साधारण पंधरा मिनिटे, विषय शाळेची ओढ असलेल्या पण शाळेबाहेर राहिलेल्या मुलाचा. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार या लघुपटाला मिळाला. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले म्हणून लोक आता मागे जाऊन ‘पिस्तुल्या’ शोधतात. दृक्-श्राव्य निर्मितीच्या विद्यार्थ्याने मात्र तो दुसऱ्या कारणासाठी पाहावा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजातला हा विद्यार्थ्याचा प्रकल्प आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रकल्प दिल्लीपर्यंत जात नाही, जाण्याची गरजही नाही. पण प्रकल्प म्हणजे गुणांपुरती फाइल, ही समजूत तरी त्याने मोडावी.

आज महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत माध्यमांचे पदवी अभ्यासक्रम आहेत. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम २००० साली सुरू झाला आणि २०१९ पासून तो बीएएमएमसी या नावाने चालतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटने पत्रकारितेच्या शिक्षणाची जुनी परंपरा सांभाळली आहे. अशा बहुतेक अभ्यासक्रमांत कुठल्या ना कुठल्या सत्रात ध्वनी आणि चित्रफीत निर्मितीची तोंडओळख करून देणारा एक पेपर असतो. पुढची प्रकरणे त्या पेपरच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि ती कॅमेऱ्यापासून नव्हे, आवाजापासून सुरू होतात. हा क्रम का निवडला, हे सांगणे हे या प्रस्तावनेचे मुख्य काम.

एके काळी या विद्येचे दारच अरुंद होते. १९६० साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हा चित्रपटाचे तंत्र रीतसर शिकायचे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जागा होत्या. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाले आणि पुण्यासह काही विद्यापीठांत शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी माध्यम केंद्रे उभी राहिली. त्या काळातले व्हिडिओ संकलन म्हणजे एका यंत्रावरची फीत दुसऱ्या यंत्रावर उतरवणे. मधला एखादा तुकडा छोटा करायचा तर पुढचे सगळे पुन्हा जोडावे लागे आणि प्रत्येक प्रतीबरोबर चित्र थोडे आणखी फिके होई. यंत्रे महाग, वेळ ठरवून मिळणारा, विद्यार्थी रांगेत. साहजिकच शिक्षणाचा मोठा भाग यंत्राचे बटण कुठे आहे हे कळण्यात जाई.

आता बारावी होऊन आलेल्या मुलीच्या हातातला फोन त्या वेळच्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक तपशील टिपतो. तिने रील्स केलेली असतात, कट जुळवलेले असतात, उभी आणि आडवी चौकट कधी वापरायची हे तिला कुणी शिकवलेले नसते तरी कळते. चित्राची सवय घेऊन ती वर्गात येते. ऐकण्याची सवय मात्र तिच्याकडे नसते, कारण फोनने ती कधी मागितलीच नाही. रीलखाली तयार गाणे टाकले की मूळ आवाज गेला. पहिल्या सत्रातले प्रकल्प पाहणाऱ्या शिक्षकांना हे पाठ असते: चौकट सुंदर, उजेड ठीक, आणि बोलणारा माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असा आवाज. प्रेक्षक थरथरते चित्र सहन करतो, कधी त्याला ते अस्सलही वाटते. शब्द न कळणारी मुलाखत तो अर्ध्या मिनिटात बंद करतो.

आवाजाचा त्रास बोलपटाइतकाच जुना आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. तो जिथे तयार झाला तो इंपिरियल स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या शेजारी होता. दिवसभर गाड्यांची ये-जा, स्टुडिओच्या भिंती आवाज अडवणाऱ्या नाहीत, आणि नट बोलत असतानाच आवाज टिपणारी यंत्रणा. दिग्दर्शक अर्देशिर इराणींनी त्यावर उपाय काढला तो वेळेचा: बरेचसे चित्रण गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या दरम्यान करायचे. माइक नटांच्या आसपास लपवायचे, वादकांना चौकटीबाहेर बसवायचे. रुळांलगतच्या कॉलेजात मुलाखत घेणारे आजचे विद्यार्थी याच अडचणीत असतात. उपायही तोच आहे. जागा पाहायला जाताना ज्या वेळी चित्रण करायचे त्याच वेळी जायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि काय काय ऐकू येते ते वहीत लिहायचे.

ही वही महत्त्वाची, कारण कान आणि माइक सारखे ऐकत नाहीत. माणसाचा मेंदू नको ते आवाज बाजूला सारतो. समोरचा बोलत असताना पंख्याची घरघर, फ्रिजचा कंप्रेसर, शेजारच्या कुकरची शिट्टी, मागे येणाऱ्या टेम्पोच्या रिव्हर्स हॉर्नचे गाणे हे सारे असूनही जाणवत नाही. माइकला असा पक्षपात जमत नाही. तो सगळे सारख्याच इमानाने टिपतो. म्हणून रेकॉर्डिंग करताना हेडफोन लावणे ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. हेडफोनशिवाय आवाज टिपणे म्हणजे पडद्याकडे न बघता कॅमेरा चालवणे.

यामागचे पदार्थविज्ञान शाळेतलेच आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते, पण खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर तेवढीच राहते. कॅमेऱ्यावरचा माइक दोन मीटरवर असतो तेव्हा तो माणसापेक्षा खोली जास्त ऐकतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे जवळ जाणे. कॉलरला लावायचा लेपल माइक, चौकटीच्या जरा वर धरलेला बूम, नाहीतर दुसरा एखादा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर केलेले वेगळे रेकॉर्डिंग, यांपैकी काहीही चालेल. डायनॅमिक माइक दणकट आणि गोंगाटात कामाचा. कंडेन्सर माइक नाजूक, बारीक तपशील टिपणारा आणि मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा मागणारा. कुठला माइक कुठल्या बाजूने ऐकतो, हे एकदा हातात घेऊन, त्याच्याभोवती फिरत बोलून पाहिले की पुस्तकातली आकृती पुन्हा काढावी लागत नाही.

मराठी बोलताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. प, फ, ब, भ या ओठांतून फुटणाऱ्या अक्षरांबरोबर हवेचा झोत सुटतो. ‘भाकरी’, ‘पाऊस’, ‘फाटक’ म्हणताना तोंडासमोर तळवा धरला तर तो जाणवतो. हाच झोत थेट माइकवर बसला की ‘धप्प’ असा आवाज येतो आणि संकलनात तो काढणे जिकिरीचे जाते. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा कडेला, हनुवटीच्या रेषेत तिरका धरला तर झोत बाजूने निघून जातो. निवेदनाचा सराव करताना विद्यार्थ्यांनी या अक्षरांची वाक्ये मुद्दाम निवडावीत.

पातळीचे गणितही थोडक्यात समजून घ्यावे. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल हे छत असते. आवाज त्याला आपटला की त्याची वरची टोके कापली जातात आणि गेलेले टोक कुठल्याही सॉफ्टवेअरला जसेच्या तसे परत आणता येत नाही. म्हणून बोलण्याची उंच टोके उणे १२ ते उणे ६ च्या आसपास ठेवायची. हसू, ओरडणे, टाळ्या यांसाठी वर जागा राहते. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याची पद्धत रूढ झाली, तर व्हिडिओत ४८,००० नमुने घेतात. दोन यंत्रांवर वेगळे आकडे ठेवून नंतर गोंधळ घालण्यापेक्षा सुरुवातीलाच ४८,००० ठरवून टाकावे. आणि प्रत्येक जागी निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प करून तीसेक सेकंद त्या खोलीची शांतता टिपून घ्यावी. संकलनात वाक्य कापल्यावर जी पोकळी राहते ती याच शांततेने भरावी लागते.

आवाज एकटाही किती वजन पेलतो, याचे उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागत नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झाले, आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात वर्षभर घरोघर पोचली. चित्र नव्हते, ते ऐकणाऱ्याने आपले आपण काढले. कॉलेजांच्या आवाक्यातली आजची जागा म्हणजे सामुदायिक रेडिओ. २००२ साली केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे चालवायला मुभा दिली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले कॅम्पस रेडिओ केंद्र सुरू झाले. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही याच वाटेवरची केंद्रे. शंभर वॉटपर्यंतचा प्रक्षेपक, आजूबाजूच्या काही किलोमीटरचा टापू आणि तिथल्याच लोकांची बोली. विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला परीक्षक मिळणे कठीण, कारण इथला श्रोता चुकीचे गावनाव लगेच पकडतो.

चित्राकडे वळताना पहिले नाव दादासाहेब फाळक्यांचे घ्यावे लागते, आणि तेही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच्या कामासाठी. १९१२ साली ते लंडनला जाऊन आले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवल देणाऱ्याला पटावे म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. रोज थोडे थोडे चित्रण करून जमवलेल्या त्या चौकटी सलग दाखवल्या की बी उगवून वेल होताना दिसे. नट नाहीत, सेट नाही, एक कुंडी आणि न हलणारा कॅमेरा. नवशिक्यासाठी आजही याहून चांगला पहिला अभ्यास सापडणार नाही. ट्रायपॉडची किंमत, उजेड बदलला की चित्र कसे बदलते, एकच गोष्ट चिकाटीने पाहणे, असे सगळे त्यात येते.

उजेडाचे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून जुन्या ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले की चित्रातली लुकलुक बहुधा थांबते. फोन आपल्या मनाने ३० चौकटी घेत असतो, म्हणून वर्गखोलीतल्या चित्रणात पट्टे दिसतात. दुसरा आकडा रंगाचा. पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे ३२०० केल्विन, दुपारचा उजेड ५६०० च्या आसपास. खिडकीतला उजेड आणि खोलीतला बल्ब दोन्ही चेहऱ्यावर पडले तर अर्धा गाल निळसर, अर्धा पिवळा होतो. उपाय सोपा आहे: एक निवडावा, दुसरा बंद करावा.

शॉटच्या बाबतीत शिस्त इतकीच पुरे: प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर, सुरुवातीला आणि शेवटी थोडी मोकळी जागा. हातांचा, वस्तूंचा, जागेचा वेगळा शॉट घेतल्याशिवाय ठिकाण सोडायचे नाही. कुंभाराची मुलाखत घेतली आणि चाकाचा एकही शॉट नाही, असे फुटेज घेऊन परतलेले गट दरवर्षी असतात.

संकलन हा या पेपरचा सर्वात आवडता भाग आणि सर्वात गैरसमजाचाही. सॉफ्टवेअर येणे म्हणजे संकलन येणे नव्हे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाच्या त्याच त्या निर्विकार चेहऱ्यापुढे कधी सूपची ताटली, कधी शवपेटी जोडली. प्रेक्षकांना चेहऱ्यावर भूक आणि दुःख वेगवेगळे दिसले. अर्थ शॉटमध्ये कमी आणि दोन शॉटांच्या जोडणीत जास्त असतो. विद्यार्थ्यांनी म्हणून आधी मुलाखत कागदावर उतरवून घ्यावी, वाक्यांवर खुणा कराव्यात, क्रम लावावा आणि मग संगणकाला हात लावावा. आवाज आधी जुळवून, चित्र त्यावर घातले की काम निम्मे होते. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या थोडा आधी आणणे किंवा आधीचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू देणे, एवढ्या एका युक्तीने धक्के देणारे कट मऊ होतात.

साधनांची सबब आता फारशी टिकत नाही. ऑडेसिटी हे ध्वनिसंकलनाचे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मले आणि २००० साली जगासाठी खुले झाले. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती कॉलेजच्या गरजा सहज भागवते. खरी टंचाई साठवणुकीची. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले तासभराचे चित्रण ४५ जीबी जागा खाते. मेमरी कार्ड रिकामे करण्यापूर्वी फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर गेले आहे हे तपासायची जबाबदारी एका नावावर लिहिलेली असावी. ‘कुणीतरी कॉपी केले असेल’ या वाक्याने जितके प्रकल्प बुडवले तितके वाईट कॅमेऱ्याने बुडवलेले नाहीत.

ध्वनी गोष्टीची जागा कशी घेतो, हे पाहायला उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) शिकताना केलेला ‘गिरणी’ हा लघुपट उपयोगी आहे. घरात पोट भरण्यासाठी पिठाची गिरणी येते आणि तिची घरघर एका लहान मुलाच्या सगळ्या जगण्यात शिरते. तो लघुपट आवाज बंद करून पाहिला तर निम्मी गोष्ट हरवते. याच संस्थेत ध्वनीचे शिक्षण घेतलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ‘स्लमडॉग मिलिऑनेर’च्या ध्वनिमिश्रणासाठी सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. मुंबईच्या गर्दीत, खऱ्या वस्त्यांमध्ये त्या चित्रपटाचे चित्रण झाले होते. गोंगाटाच्या शहरात चांगला आवाज मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो एकदा हेडफोन लावून ऐकावा.

निर्मिती हे अनेकांचे काम, हेही याच पेपरात शिकायचे. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडायला, रसायने कालवायला शिकल्या आणि चित्रपटाच्या चमूला जेवूही घालत होत्या. श्रेयनामावलीत न आलेले ते श्रम विद्यार्थ्यांनी विसरू नयेत आणि आपल्या गटात पुन्हा घडू देऊ नयेत. गटात एकच मुलगा कायम कॅमेऱ्यावर आणि एकच मुलगी कायम ‘स्क्रिप्ट लिहून दे’ या कामावर, अशी विभागणी आपोआप होते. शिक्षकांनी ती मोडावी आणि प्रत्येक प्रकल्पात भूमिका फिरवाव्यात. बूम धरून अर्धा तास हात वर ठेवलेला विद्यार्थी पुढे दिग्दर्शक झाला तर टेकमधल्या वायफळ गप्पा नक्की कमी करतो.

कागदोपत्री बाजू रुक्ष वाटते, पण तिचा विसर महागात पडतो. ज्याचा चेहरा आणि आवाज वापरायचा त्याची लेखी संमती, अल्पवयीन असेल तर पालकांची. खासगी जागेत मालकाची परवानगी. संगीताबाबत तर विशेष सावध राहावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सवलत आहे, पण तीच फिल्म महोत्सवात पाठवली किंवा यूट्यूबवर चढवली की सवलतीचा आधार सुटतो. वर्गात तबला वाजवणारा, गाणारा कुणीतरी असतोच. त्याचे रेकॉर्डिंग करून वापरणे कायद्यालाही धरून आणि शिकण्यालाही. संवादांच्या पट्ट्याही शेवटच्या दिवसावर ढकलू नयेत, कारण कर्णबधिर प्रेक्षकासाठी त्याच फिल्मचा आवाज असतात.

या अभ्यासातून सगळे चित्रपट दिग्दर्शक होणार नाहीत. बरेच जण वृत्तवाहिन्यांच्या संकलन कक्षात, पॉडकास्टमध्ये, लग्नाच्या चित्रणात, शेतीविषयक व्हिडिओंत, संस्थांच्या माहितीपटांत काम करतील. यांतले कुठलेही काम कमी दर्जाचे मानू नये. आजीच्या ओव्या स्वच्छ आवाजात टिपून ठेवणारा, गावच्या वाजंत्र्यांचे वादन योग्य अंतरावर माइक ठेवून नोंदवणारा विद्यार्थी आपल्या भागाचा दस्तऐवज तयार करत असतो.

कॉलेजांना या प्रस्तावनेतून एक विनंती आहे. माध्यम विभागासाठी थोडे पैसे मंजूर झाले की पहिली मागणी नव्या कॅमेऱ्याची होते. ती एक वर्ष पुढे ढकलावी. त्या पैशांत चांगले हेडफोन, चार लेपल माइक, एक बूम, दोन दणकट ट्रायपॉड आणि जाड पडदे, गाद्या लावून शांत केलेली एक छोटी खोली होते. चित्रणासाठी तूर्त विद्यार्थ्यांचे फोन पुरेसे आहेत. आणि विद्यार्थ्यांनी पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या घरातल्या सर्वात वयस्कर माणसाचे पाच मिनिटांचे बोलणे, पंखा बंद करून, फोन हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करून आणावे. पहिल्या तासाला वर्ग तेच ऐकणार आहे.